विश्लेषण : नोकरी 'पुण्यात', घर पुणतांब्यात, कुटुंब हलवायचे तर शहर कोणते?

मुंबई ते साईनगर शिर्डी ही वंदे भारत एक्स्प्रेस १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. शिर्डीचा रेल्वेफाटा पुणतांबा जंक्शनावरून फुटतो, त्यामुळे ही गाडी पुणतांब्यातून जाते. थांबत मात्र नाही. पुणतांबेकराला तिच्यात बसायचे तर आधी शिर्डी गाठावी लागते.

महानगराजवळच्या एखाद्या लहान शहरात बिऱ्हाड हलवू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे उदाहरण लक्षात ठेवावे. 'महामार्ग शेजारूनच जातो', 'रेल्वे आहेच', 'पुणे तासाभरावर' ही वाक्ये जाहिरातीत नेहमी असतात. प्रश्न इतकाच असतो, की तुमच्या घरातल्या माणसासाठी त्यातले काय थांबते, किती वाजता थांबते आणि तिथून पुढे कसे जायचे. शहर निवडण्याची कसोटी तीच आहे.

प्रश्न नेमका कोणाचा?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातले पुणतांबा गोदावरीकाठी वसले आहे. चांगदेव महाराजांच्या समाधीसाठी ते ओळखले जाते. दौंड-मनमाड मार्गावरचे ते जंक्शन आहे. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक याच गावाने दिली होती. दूध आणि भाजीपाला शहरांकडे पाठवणे थांबवणारा हा संप राज्यभर पसरला आणि त्याच महिन्यात, २४ जूनला, राज्य सरकारने दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली.

नुसत्या शेतीवर घर भागत नाही, हे त्या संपाने राज्यापुढे मांडले. त्याचाच दुसरा भाग म्हणजे घरातला एक जण पगारावर असणे. या पट्ट्यातल्या अनेक घरांत तो चाकण, रांजणगाव, हिंजवडी, सिन्नर किंवा सातपूर-अंबडला असतो. सुरुवातीची काही वर्षे तो कॉट बेसिसवर काढतो. लग्न होते, मुले होतात आणि मग प्रश्न येतो : सगळ्यांनाच घेऊन जायचे का, आणि कुठे?

समजा, घरात सहा माणसे आहेत. कंपनीत नोकरी करणारा मुलगा, शिवणकाम किंवा खासगी नोकरी करू इच्छिणारी सून, सातवीतली नात, पहिलीतला नातू, आणि शेती पाहणारे आजी-आजोबा. या सहा जणांसाठी 'चांगले शहर' एकच नसते. नोकरीसाठी चाकण सोयीचे असेल, नातीच्या शिक्षणासाठी नाशिक आणि आजोबांसाठी श्रीरामपूर. त्यामुळे शहरांची यादी करण्याआधी माणसांची यादी करावी लागते.

नोकरी 'पुण्यात' म्हणजे नक्की कुठे?

गावाकडे बोलताना आपण सरसकट 'पोरगा पुण्याला असतो' म्हणतो. प्रत्यक्षात कारखान्यांतल्या बऱ्याच नोकऱ्या पुणे शहरात नाहीतच. रांजणगाव एमआयडीसी नगर रस्त्यावर, शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. सुपे एमआयडीसी तर अहिल्यानगर जिल्ह्यातच, पारनेर तालुक्यात आहे. चाकण नाशिक महामार्गावर, तळेगाव जुन्या मुंबई महामार्गावर आणि हिंजवडी शहराच्या पश्चिम टोकाला.

याचा परिणाम सरळ आहे. रांजणगावला काम करणाऱ्याने हडपसर किंवा वाघोलीत घर घेतले, तर तो रोज गर्दीत पैसे आणि वेळ घालवून पुन्हा गावाच्याच दिशेने प्रवास करणार. त्याच्यासाठी शिरूर अधिक जवळ. सुप्याला काम असेल तर अहिल्यानगर शहरात राहून रोज जाता-येता येते, आणि तिथून पुणतांबा साधारण ८५ किलोमीटर राहते. हिंजवडीला काम असणाऱ्याला मात्र या दोन्ही शहरांचा उपयोग नाही.

म्हणून पहिली पायरी : नकाशावर पुण्याचा ठिपका पाहू नका, कंपनीच्या गेटचा ठिपका लावा आणि दुसरा ठिपका पुणतांब्याचा. या दोघांना जोडणाऱ्या रस्त्यावर किंवा रुळावर पडणारी गावे आधी तपासा.

'जवळ' किलोमीटरमध्ये मोजायचे की तासांत?

तासांत, आणि तेही दारापासून दारापर्यंत. गाडीत बसल्यापासूनचा वेळ सगळे सांगतात. घरातून स्टेशन, गाडीची वाट, उतरल्यावर रिक्षा किंवा कंपनीची बस, हे कोणी मोजत नाही.

साधे गणित करून पाहा. जाण्यायेण्यात रोज तीन तास जात असतील, तर महिन्याचे २२ दिवस धरून ६६ तास होतात. वर्षाचे ७९२ तास. म्हणजे पूर्ण ३३ दिवस आणि रात्री माणूस प्रवासात असतो. हाच प्रवास रोज एका तासाचा असेल तर वर्षाला ११ दिवस जातात. मधले २२ दिवस हे 'स्वस्त' घराचे खरे भाडे.

आता दुसरे गणित. कुटुंब श्रीरामपुरात ठेवून मुलगा पुण्याहून दर आठवड्याला घरी येतो असे धरू. एसटीने एका बाजूचे पाच तास पकडले, तरी आठवड्याचे दहा तास होतात. महानगराजवळ राहून रोज तीन तास प्रवास करणाऱ्याचे पाच दिवसांचे पंधरा तास होतात. म्हणजे 'जवळ' राहायला गेलेला माणूस 'लांब' राहणाऱ्यापेक्षा जास्त वेळ रस्त्यावर असू शकतो. अर्थात पहिला रोज रात्री मुलांचा चेहरा पाहतो, दुसरा आठवड्यातून एकदा. त्याची किंमत तासांत मांडता येत नाही. पण हिशेब डोळ्यांसमोर ठेवून निवड करणे आणि ब्रोकरच्या 'तासाभरावर' शब्दावर निवड करणे, यात फरक आहे.

पुण्याजवळचे पर्याय : तळेगाव, चाकण, शिरूर, दौंड

तळेगाव दाभाडे : सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे पुणे-लोणावळा लोकल. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, शिवाजीनगर ही कामाची ठिकाणे एकाच मार्गावर येतात. लोकल थांबते आणि पास काढला की प्रवास स्वस्त पडतो. मात्र दुपारच्या वेळेत गाड्या कमी असल्याची तक्रार प्रवासी वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्यामुळे पाळीची नोकरी असेल तर तुमच्या पाळीच्या वेळेला गाडी आहे का, ते आधी पाहा. गावाला जायचे तर तळेगाव उलट्या टोकाला पडते. आधी पुणे गाठायचे, मग वाकडेवाडीच्या शिवाजीनगर स्थानकातून एसटी किंवा दौंडमार्गे रेल्वे.

चाकण : कंपनी इथेच असेल तर रोजचा प्रवास सर्वांत कमी. नाशिक महामार्गावर असल्याने नारायणगाव, संगमनेर, लोणी मार्गे गावाकडे जाणेही सोपे. पण चाकणला रेल्वे नाही. नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता यांवरची कोंडी ही इथली रोजची गोष्ट. जो कंपनीत चालत किंवा दहा मिनिटांत पोहोचतो त्याला चाकण परवडते. ज्याला चाकणमधून बाहेर पडून कामाला जायचे आहे, त्याने दोनदा विचार करावा.

शिरूर : रांजणगावला काम करणाऱ्यांसाठी सोयीचे. अहिल्यानगर रस्त्यावर असल्याने गावाकडच्या एसटी इथूनच जातात. रेल्वे इथेही नाही. बायकोला पुणे शहरात नोकरी मिळाली तर तिला रोज सुमारे ६५ किलोमीटर जावे लागेल, हे आधी लक्षात घ्या.

दौंड : पुण्यापासून रेल्वेने साधारण ७५ किलोमीटर. पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे आणि रोज ये-जा करणारा मोठा वर्ग आहे. पुणतांबेकरासाठी दौंडची खरी ओळख वेगळी : दौंड-मनमाड मार्गाचे ते एक टोक आहे. श्रीरामपूर, राहुरी, अहिल्यानगर, दौंड ही गावे याच रुळावर पुणतांब्याशी जोडलेली. पण कोणती गाडी पुणतांब्याला थांबते आणि कोणती फक्त श्रीरामपूरला, हे वेळापत्रकात पाहिल्याशिवाय या जोडणीवर विसंबू नका. एक सूचना : श्रीरामपूरचे स्टेशन रेल्वेत 'बेलापूर' नावाने आहे. ॲपवर तिकीट काढताना नवी मुंबईचे बेलापूर निवडणारे अजून सापडतात.

नाशिक आणि अहिल्यानगर : मधल्या आकाराची शहरे

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. नाशिकची पंधरा लाखांच्या आसपास, तर अहिल्यानगरची साडेतीन लाख. आकडे जुने असले तरी शहरांच्या आकारातला फरक त्यांतून कळतो.

पुणतांब्यापासून नाशिक साधारण शंभर किलोमीटर. मुलांचे शिक्षण, मोठी रुग्णालये आणि सुनेला नोकरीच्या संधी, या तिन्ही बाबतींत नाशिक मोठ्या शहराइतके देते आणि पुण्यापेक्षा अर्ध्या अंतरावर आहे. नोकरी सिन्नरच्या माळेगाव किंवा मुसळगाव एमआयडीसीत असेल, तर सिन्नरही विचारात घ्या. शिर्डी-नाशिक रस्त्यावर ते नाशिकच्या अलीकडे येते. सण-वार, अंत्यविधी, पेरणी अशा वेळी तासा-दीड तासाने घरी पोहोचणे शक्य होते. पण सिन्नर शहराला रेल्वे नाही आणि मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी नाशिकला जाणे सुटत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याचे मुख्यालय असल्याने कोर्ट, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय अशी कामे तिथेच होतात. पुण्याला रोज ये-जा करण्यासाठी मात्र ते लांब आहे, अंतर साधारण १२० किलोमीटर. नोकरी सुपे किंवा स्थानिक एमआयडीसीत असेल तरच हा पर्याय खरा. पुणतांब्याकडे येताना नगर-मनमाड महामार्गाचा वापर करावा लागतो आणि हा रस्ता खड्ड्यांसाठी, रखडलेल्या कामासाठी वर्षानुवर्षे बातम्यांत आहे.

मुंबईत नोकरी असेल तर?

हीच कसोटी तिथेही लावा. ठाणे, डोंबिवली, बदलापूर, टिटवाळा या सगळ्यांत कल्याणचे वेगळेपण असे, की कसारा आणि कर्जत या दोन्ही दिशांच्या लोकल तिथे थांबतात आणि मनमाडकडे जाणाऱ्या लांबपल्ल्याच्या बऱ्याच गाड्याही. कोपरगाव, पुणतांबा भागातल्या माणसाला दादरपर्यंत न जाता कल्याणलाच चढता-उतरता येते. पुढच्या गावांत घर स्वस्त असते, पण तिथे थांबणाऱ्या लोकल कमी होत जातात.

पावसाळ्याचाही विचार करा. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. अशी वेळ रोज येत नाही. पण घर पाहायला जाणारे बहुतेक लोक हिवाळ्यात, रविवारी, रिकाम्या रस्त्याने जातात. जुलैतल्या सोमवारी सकाळी आठला तोच रस्ता वेगळा असतो.

गावाजवळचेच शहर का नको?

हा पर्याय चर्चेत सहसा येत नाही, कारण 'हलायचे तर पुण्यालाच' असे आपण धरून चालतो. श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता, शिर्डी ही सगळी पुणतांब्यापासून साधारण पंधरा ते पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. श्रीरामपुरात बोरावके महाविद्यालय, कोपरगावात संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. राहाता तालुक्यातच लोणीला प्रवरा संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत. विमानतळ काकडीला १ ऑक्टोबर २०१७ पासून सुरू आहे.

मुलांची शाळा सुधारावी आणि आजारपणात डॉक्टर जवळ असावा, एवढीच गरज असेल तर ती इथे भागू शकते. आजोबा सकाळी शेतावर जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकतात. घरखर्च महानगरापेक्षा आटोक्यात राहतो. किंमत एकच : नोकरी करणारा आठवडाभर लांब राहतो आणि त्याच्या खोलीचे भाडे वेगळे पडते. त्यामुळे हिशेब करताना दोन्हीकडचे भाडे, दोन्हीकडचे वीजबिल आणि दर आठवड्याचे तिकीट एकत्र धरा. कधी कधी ही बेरीज पुण्याजवळच्या एका घराइतकीच होते. तसे झाले तर मग एकत्र राहणेच बरे.

पाण्याची चौकशी कशी करायची?

'नळाला पाणी येते का?' हा प्रश्न पुरेसा नाही. 'मे महिन्यात किती दिवसांआड येते?' असे विचारा.

मनमाड हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन. गाड्यांची इतकी सोय आपल्या भागात दुसरीकडे नाही. तरीही पंधरा-पंधरा दिवसांआड पाणी येणारे शहर म्हणून ते वर्षानुवर्षे ओळखले गेले. कोपरगाव गोदावरीच्या काठावर आहे, पण शहराचे पाणी कालव्याच्या आवर्तनावर भरणाऱ्या साठवण तलावांतून येते. आवर्तन लांबले की पाण्याचे दिवस लांबतात. म्हणूनच शहरासाठी पाचवा साठवण तलाव हाती घ्यावा लागला. नदी शेजारी असली म्हणजे नळाला पाणी असेलच असे नाही.

पुण्याच्या हद्दीत गेलेल्या गावांतही हाच प्रश्न. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे पुढे बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. महापालिकेचा कर लागू होणे आणि महापालिकेचे पाणी येणे, यात अनेक वर्षांचे अंतर असू शकते. सोसायटीत गेलात तर सेक्रेटरीकडे मागच्या उन्हाळ्यातली टँकरची बिले मागा. ती पाहिल्यावर दरमहाचा देखभाल खर्च किती, ते कळेल.

'प्रस्तावित' प्रकल्पावर घर घ्यावे का?

नाही. पुणे-नाशिक सेमी-हायस्पीड रेल्वेचे उदाहरण आपल्याच भागातले आहे. सुमारे २३५ किलोमीटरचा हा मार्ग आधी चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा आखला होता. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. रेल्वेमुळे तिच्या निरीक्षणांत अडथळा येईल, असा आक्षेप आला. त्यानंतर रेल्वे मंत्रालयाने तो मार्ग बाजूला ठेवून शिर्डी आणि अहिल्यानगरमार्गे नव्या मार्गाचा विचार पुढे आणला. जुन्या आखणीच्या भरवशावर कोणी जागा घेतली असेल तर तिचे काय, याचे उत्तर ब्रोकर देत नाही. आता तीच भाषा शिर्डी-राहात्याकडे ऐकू आली, तर हा इतिहास आठवा.

पुण्याच्या नव्या विमानतळाचेही असेच झाले. कित्येक वर्षे चाकण-राजगुरुनगरचे नाव घेतले जात होते, २०१६ मध्ये पुरंदरची निवड झाली.

झालेल्या प्रकल्पातही 'माझ्यासाठी काय?' हे पाहावे लागते. समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ रोजी खुला झाला. शिर्डीसाठीचा इंटरचेंज कोपरगाव तालुक्यात कोकमठाणला आहे. पण या महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकीला परवानगी नाही. घरात फक्त मोटारसायकल असेल तर समृद्धी तुमच्यासाठी नाही. तो शेजारून जातो, इतकेच.

घर भाड्याने की विकत?

आधी ११ महिने भाड्याने. त्या काळात एक मे आणि एक जुलै नक्की पाहायला मिळेल अशी तारीख धरा. राज्यात भाडेकराराची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. साध्या शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून 'चालते' असे सांगितले जाते, पण शाळा प्रवेशाला ते चालत नाही.

विकत घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, महारेरा. १ मे २०१७ पासून राज्यात लागू झालेल्या रेरा कायद्यानुसार पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला, की मंजूर नकाशा, ताब्याची तारीख आणि खटले दिसतात. मोबाइलवर पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी, एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा खरेदीची नोंद अनेक ठिकाणी अडकते. २०२५ मध्ये राज्य सरकारने निवासी क्षेत्रांसाठी नियम शिथिल केले, पण तुमची जागा त्या क्षेत्रात येते का, हे तलाठी आणि दुय्यम निबंधक कार्यालयात विचारूनच इसार द्या. 'सातबारावर नाव नंतर लागेल' हे वाक्य ऐकले की थांबा.

तिसरी, घर कोणाच्या नावावर. महिलेच्या नावावर घर घेतल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पैसे वाचतात आणि सुनेच्या नावावर काहीतरी होते.

शाळा, रेशन, मतदान : काय आधी करायचे?

शाळेपासून सुरुवात करा. आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांसाठी शाळा आणि घर यांतले अंतर मोजले जाते आणि भाड्याचे घर असेल तर नोंदणीकृत करारच लागतो. त्यामुळे जूनमध्ये हलायचे ठरवून चालत नाही, कागद अर्ज भरण्याआधी हातात हवेत. मूल नववी-दहावीत असेल तर ते वर्ष गावातच पूर्ण होऊ द्या. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात लागू झाली आहे. त्यामुळे दहावी पुणतांब्यात करून अकरावीला शहर बदलणे आता अधिक सरळ आहे.

रेशनकार्ड लगेच हलवण्याची घाई नको. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत अंगठा लावून दुसऱ्या शहरातही धान्य घेता येते. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ भरावा लागतो. गावात मत ठेवायचे की शहरात, हे कुटुंबाने ठरवावे. दोन्हीकडे नाव ठेवणे हा मात्र गुन्हा आहे.

शेती आणि आजी-आजोबांचे काय?

पुणतांब्यासारख्या गावातून हलताना हा प्रश्न सर्वांत अवघड ठरतो, आणि तो शेवटी विचारला जातो. ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर करायची असते. ती राहिली तर नुकसानभरपाई आणि विम्याच्या वेळी अडचण येते. गावात सहायक मदतीला असतात, पण त्यांना बांधावर घेऊन जाणारे कोणीतरी लागते. कालव्याचे आवर्तन सुटते तेव्हा पाणी धरायला माणूस लागतो. म्हणजे हंगामात काही दिवस तरी कोणाला तरी गावी राहावेच लागणार. ते कोण, हे निघण्याआधी ठरवा.

ये-जा कशी होईल तेही पाहा. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची तिकीट सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र ७५ वर्षांवरील व्यक्तींना मोफत, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. त्यामुळे आजी-आजोबांच्या दृष्टीने 'जोडलेले' शहर म्हणजे जिथून शिर्डी-श्रीरामपूरकडे थेट एसटी सुटते ते. मध्ये दोनदा गाडी बदलावी लागली तर म्हातारी माणसे येणे कमी करतात. मग एक तर ती गावात एकटी पडतात, नाही तर शहरातल्या खोलीत अडकतात.

मग निर्णय कसा घ्यायचा?

एक कागद घ्या. डावीकडे घरातल्या सगळ्यांची नावे लिहा. प्रत्येकापुढे चार रकाने : रोज कुठे जायचे, किती वाजता, कशाने, आणि गाडी चुकली तर काय. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. रात्री दहाची लोकल चुकली तर पुढची कधी? कंपनीची बस बंद झाली तर? ज्या शहरासाठी हा रकाना सर्वांत जास्त माणसांपुढे भरता येतो, ते तुमचे शहर. ज्याच्यापुढे तो रिकामा राहतो, त्या माणसाला या स्थलांतराचा त्रास होणार. बहुतेक घरांत हे नाव सुनेचे किंवा आजीचे असते, कारण शहर निवडताना त्यांना कोणी विचारलेले नसते.

कागद भरला, की एका कामाच्या दिवशी तो प्रवास स्वतः करून पाहा. सकाळी ज्या वेळी निघावे लागेल त्याच वेळी निघा. जमले तर नातीलाही बरोबर न्या.

शिर्डी-पुणतांबा रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली आहे. दौंड-मनमाड मार्गाचे दुहेरीकरणही पुढे सरकते आहे. पुढच्या काळात पुणतांब्यातून जाणाऱ्या गाड्या वाढतील. त्यांतल्या किती थांबतील हे वेळापत्रक आल्यावर कळेल. घराचा निर्णय तोवर आज थांबणाऱ्या गाड्या पाहूनच घ्यावा.